चेअरमनसाहेबांनी बियाणं खाल्लं

आमचे मालक काही चांगलं करायला निघाले की मी आधी देवाला हात जोडते. वाईट करायला निघालेला माणूस परवडला, त्याला अडवता तरी येतं. चांगलं करणाऱ्याला कसं अडवायचं, सांगा बरं! बद्रीनाथ त्यांचं नाव. घेतलं नाव, काय झालं? एवढं सगळं सांगायला बसले तर नावाचाच पडदा कशाला? माणूस लई गुणाचा. पण त्या साली त्या गुणाच्या माणसानं माझ्या डोक्यात असा जाळ काढला, की धारूरच्या बाजारात अजून बाया मला बघितलं की विचारतात, "मुक्ताबाई, हुरडा खायचा का?" आन् पदर तोंडाला लावून हसतात.

हसा माय, हसा. त्या दिवशी माझ्या जागी पाहिजे होत्या तुमी.

ते साल दुष्काळाचं. आमाला दुष्काळ नवा न्हाई, पाव्हण्यासारखा येतो आन् जायचं नाव घेत न्हाई. पण त्या साली बिंदुसरा धरणाच्या तळात पोरं क्रिकेट खेळत होती, म्हणजे बघा. आमचं गाव धारूरच्या घाटावर. टँकर आला की म्हातारीकोतारी माणसंसुद्धा हंडा घेऊन पळायची. अर्धा गाव ऊसतोडीला गेलता, अर्धी जनावरं छावणीत. आन् अशा साली आमी बायांनी बियाण्याची संस्था काढलेली! लोक म्हणायचे, "पाणी प्यायला न्हाई आन् ह्या बी जमा करायल्यात." म्हणू दे. आमच्या संस्थेचा नियम एकच: एक ओंजळ न्यायची, सुगी झाली की दोन ओंजळी आणायच्या. अध्यक्ष मी, सेक्रेटरी छबुबाई. छबुबाई माझ्या शेजारची, जिभेनं तिखट आन् कामाला वाघीण.

हे खूळ कावून डोक्यात शिरलं, तेही सांगते. माझी सासू सांगायची, बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी कणगीतलं बीसुद्धा दळून खाल्लं. मग खडी फोडायच्या कामावर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळाली, सुकडी मिळाली, आन् पाऊस पडल्यावर पिशवीतलं हायब्रीड मिळालं. हायब्रीडनं पोटं भरली, खोटं कशाला बोलू? पण ते बी दर साली दुकानातून आणायचं. मग कापूस आला, सोयाबीन आलं, बोअर आले, आन् आमच्या घाटाची स्वतःची ज्वारी होती ती गेली. घाटपांढरी म्हणायचे तिला. एका पावसावर यायची. पाऊस गेला तर रातच्या दहिवरावर तग धरायची. सासू मरेपर्यंत म्हणत होती, "ती गोड भाकरी पुन्हा मिळाली न्हाई बघ." बाकी जुनी वाणं आमी हिकडून तिकडून गोळा केली, पण घाटपांढरी कुठंच मिळेना.

ती घावली भाकरीतच. पंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या गावची एक जुनी लेक माहेरी आली. भिवराबाई, पालीला दिलेली. वयानं म्हातारी, गावाची लेक म्हणून सगळे तिला आत्या म्हणतात. पारावर बसून तिनं शिदोरी सोडली आन् छबुबाईला अर्धी भाकरी दिली. छबुबाईनं घास घेतला, चावला आन् ओरडली ना! मला वाटलं खडा लागला. ती धावत माझ्या दारात आली, गाल फुगलेला, बोलताच येईना. उरलेला तुकडा माझ्या तोंडात कोंबला. काय सांगू! गोड. नुसती गोड. तोंडीलावणंच नको.

आमी दोघी पळत पारावर. "आत्या, ही ज्वारी कुठली?"

"कुठली म्हंजी? हितलीच की," आत्या म्हणली. "माझ्या लग्नात आईनं ओटी भरली ती हीच. सासू म्हणली, दळून टाक. म्या म्हणलं, माहेरचं दळणार न्हाई. बांधाच्या कडंला पेरली. तवापासनं दर साली थोडीथोडी पेरते. आधी तिला पोरीचा पट्टा म्हणायचे, आता म्हातारीचा पट्टा म्हणत्यात."

अरे देवा! आख्ख्या गावानं जे बी दळून खाल्लं, ते ह्या बाईच्या ओटीतून पालीला जाऊन बसलं होतं! मी तिथंच पारावर तिच्या पाया पडले. ती म्हणली, "ऊठ गं, येडी का खुळी?"

सण झाल्यावर आमी दोघी पालीला गेलो. तिथं कळलं की धाकट्या लेकानं बांध मोडून रान सपाट केलं, म्हातारीचा पट्टा गेला. दळायचं होतं ते शिदोरीत संपलं, बी म्हणून उरलं होतं ते एका गाडग्यात, राखेत आन् लिंबाच्या पाल्यात. आत्यानं गाडगं माझ्या पदरात पालथं केलं. एक ओंजळ भरली.

"समदं देता? थोडं ठेवा की, आत्या."

"ठिवून काय करू? माझे गुडघे पेरणीचे ऱ्हायले का? तू पेर. पण मुक्ते, ह्येच्या मागं आता एक दाणा न्हाई बघ. गेलं तर गेलं."

"दोन ओंजळी परत आणीन. शब्द हाय माझा."

"आण. न्हाईतर तोंड दाखवू नको," असं म्हणून ती हसली. मला हसू आलं न्हाई. पदराची गाठ छातीशी धरून मी येष्टीत बसले आन् मांजरसुंब्याला गाडी बदलताना गर्दीत कोणी धक्का दिला तर त्याच्यावर वसकन ओरडले.

उत्तरा नक्षत्रात एकच बरा पाऊस झाला. त्याच्यावर आमी ती ओंजळ पेरली, आमच्या रानाच्या कोपऱ्यात, जिथं काळी माती खोल हाय. पुन्हा पावसानं तोंड दाखवलं न्हाई. आजूबाजूची रानं गुडघ्याएवढी होऊन करपली. घाटपांढरी मात्र उभी! काही ताटं मेली, पण उरलेली अशी ताठ, की येणारा-जाणारा गाडी थांबवून बघायचा. निसवायला, कणसं बाहेर टाकायला लागली तेव्हा छबुबाईनं बांधावरून अशी आरोळी ठोकली, की लोकांना वाटलं टँकर आला, हंडे घेऊन पळत आले. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, आमी तिला अंबिल शिंपडली, ओवाळलं. पाखरांसाठी गोफण घेऊन पाळीपाळीनं उभ्या राहिलो. जुनं बी ते, सगळी ताटं एका वेळची न्हाईत. कोणी आधी पिकायला लागलं, कोणी मागून दुधात आलं, एका घरातल्या लेकरांसारखं.

आता राहिला एकच घोर. बी ठेवायचं कुठं? घरात उंदरांनी आमच्या बाजरीचं वाटोळं केलेलं. गावच्या सोसायटीकडं एक पक्की खोली होती, लोखंडी दाराची, खताची. खत कधीचंच संपलेलं, नुसतं कुलूप. चेअरमन सुंदरराव. त्यांच्याकडं मी कितीदा गेले! दर खेपेला एकच, "बघू, वहिनी." घरी येऊन मी नवऱ्याच्या कानाशी तणतण करायची, "त्या खोलीत ह्यांचं काय पुरलंय का? चांगलं बी उंदरांच्या तोंडात जाणार!" मालक हूं हूं करायचे. मला वाटायचं ऐकत न्हाईत. ऐकत होते हो, ऐकत होते. तिथंच घात झाला.

संक्रांत झाल्यावर मांजरसुंब्याला बायांच्या गटांचा मेळावा होता. मी आन् छबुबाई गेलो. मी माईकसमोर उभी राहिले आन् घाटपांढरीची कथा सांगितली, ओटीची, भाकरीची, सगळी. टाळ्या म्हणता टाळ्या! बायांनी घेराव घातला. ही म्हणे आमच्या गावाला द्या, ती म्हणे आमाला पण द्या. "सुगी होऊ द्या," मी म्हणलं, "ओंजळ ओंजळ सगळ्यांना." माझे पाय जमिनीला लागेनात. येताना दोघींनी ढाब्यावर चहा प्यायला, भजी खाल्ली, येष्टीत गाणी म्हणली.

फाट्यावर उतरलो तर आमच्या रानातून धूर.

मी पळाले. चपला कुठं गेल्या माहीत न्हाई. बघते तर पट्ट्याच्या कडेला आगटी पेटलेली. गोवऱ्या फुललेल्या, त्यात कणसं खोचलेली. घोंगडीवर चेअरमन सुंदरराव मांडी घालून, संगट त्यांची चार माणसं. आन् आमचे मालक गुडघ्यावर बसून गरम कणसं तळहातावर चोळतायत, फुंकतायत, हिरवा हिरवा हुरडा पाव्हण्यांच्या ताटात टाकतायत. मागं माझा पट्टा उभा होता, नुसती बोडकी ताटं.

"ये, ये!" मालक मला बघून उठलेच. तोंड नुसतं फुललेलं. करगोट्याला अडकवलेली चावी काढून माझ्यासमोर नाचवली. "खोली मिळाली! चेअरमनसाहेबांनी आत्ता दिली. तुझ्या बियाला खोली पायजे होती ना?"

सुंदरराव म्हणाले, "वहिनी, आमी सारा जिल्हा खाल्ला, पण असा हुरडा न्हाई बघा! ह्याच्या बियाला खोली न्हाई द्यायची तर कशाला द्यायची?"

ऐका! बियाला खोली मिळावी म्हणून बीच खाऊ घातलं! आयजीच्या जिवावर बायजी उदार! मी दातओठ खात उभी. पण पाव्हणा घोंगडीवर बसलेला, ताट पुढ्यात. आपल्या रानात जेवत्या माणसाला उठवायचं कसं? सात पिढ्या नाव ठेवतील. मग काय केलं असेल मी? त्यांना दही वाढलं. जवसाची चटणी वाढली. "आणखी घ्या, साहेब," मी म्हणलं. माझ्याच तोंडानं!

चेअरमनची जीप वळणाआड गेली आन् मी मालकांकडं वळले.

"डोकं हाय का खोकं? आत्याचं बी होतं ते! त्याच्या मागं दाणा न्हाई म्हणून सांगितलं होतं ना?"

"आगं, पण समदं कुठं खाल्लं? राहिलंय की," मालक मागं सरकत म्हणाले. "चांगली चांगली तेवढीच काढली. कवळी, टच्च, दुधाची. पाव्हण्याला वाईट कणीस कसं द्यायचं? निबर, दगडासारखी होती ती तशीच सोडली."

"चांगली तेवढीच काढली! वा! आन् मला काय ठेवलं, कचरा?"

"मुक्ते, मला वाटलं..."

"तुमी वाटून घेऊ नका! पाया पडते, तुमी काही वाटून घेऊ नका!"

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलले न्हाई. भाकरी वाढायची, पण ताट आपटून. ती चावी त्यांनी देवळीत ठेवलेली, मी तिच्याकडं बघायची न्हाई. रिकाम्या खोलीची चावी घेऊन काय करू, नाचू? मांजरसुंब्याच्या बायांचे फोन यायला लागले, "ताई, कधी येऊ?" ते एक वेळ सोसलं. पण भिवराआत्या डोळ्यापुढून हलेना. बाईनं सासूशी भांडून, एवढी वरसं बांधाकडेला जपलं, आन् माझ्या पदरात आल्यावर एका दुपारी चेअरमनच्या पोटात गेलं. पालीची येष्टी दिसली तरी मी तोंड फिरवायची. खरंच रडायची मी, चुलीपाशी, धूर डोळ्यात गेला म्हणून सांगून.

शेवटी छबुबाईच मला ओढून रानात घेऊन गेली. "मेलेल्याला पण बघायला जातंय माणूस," म्हणली. बघितलं तर मालकांनी सोडलेली कणसं उभी होती. टपोरेपणा न्हाई, हिरवेपणा न्हाई, आधीच पिवळी पडलेली. मला बघवेना. छबुबाईनं एका कणसातला दाणा काढला आन् दाताखाली धरला.

कट्!

"आई गं! दगड हाय, मुक्ते. ह्ये तर पिकलंय!"

"पिकलं म्हणूनच पाव्हण्यांनी सोडलं ना," मी फणकारले. "बी म्हणून थोडं येईल. पण ती टपोरी कणसं आली असती तर?"

"टपोरी पण हाईत की चार. बांधापलीकडं बघ, तुझ्या मालकाच्या नजरेतनं सुटलेली."

होती खरी, बांधाच्या दगडांमागं, कवळी, दुधाची, हिरवीगार. मला एवढा हुरूप आला! ह्यांनाच जपू म्हणलं. कापडं बांधली, पाखरू फिरकू दिलं न्हाई. रोज जाऊन बघायची. पण त्याच आठवड्यात ऊन तापलं आन् जमिनीला भेगा पडल्या. अशा पडल्या, की माझा हात कोपरापर्यंत आत जाईल. ओल संपली. ताटं वरून खाली वाळत गेली.

कापणीच्या दिवशी मी आधी ती माझी लाडकी चार कणसं काढली. तळहातावर चोळली. फुंकर मारली. सगळं उडून गेलं! सगळं! हातावर दाणा म्हणून न्हाई. नुसतं पोचट, टरफलं. दुधातच वाळून गेलेली.

मग मी मालकांनी टाकून दिलेलं एक निबर कणीस चोळलं. फुंकर मारली. भुसा उडाला आन् हातावर दाणे उरले. पांढरे, जड, चमकणारे. जमिनीची ओल संपायच्या आधीच ते भरून मोकळे झाले होते!

मी छबुबाईकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. दोघींच्या डोक्यात एकाच वेळी उजेड पडला.

"मुक्ते! चेअरमननं खाल्लं ते बी होणारच नव्हतं!"

"वाळूनच जाणार होतं!"

"आन् उरलं ते दुष्काळालाच पुरून उरलेलं!"

अहो, आमी नाचलो. दोघी लेकराबाळांच्या आया, भर उन्हात, ढेकळात फुगडी घातली! छबुबाईचं पाऊल भेगेत अडकलं, आमी दोघी पडलो, पडल्या पडल्या हसत होतो. मग मी उठले आन् घराकडं पळत सुटले. मालक ओट्यावर दोरी वळत बसलेले. मला येताना बघून बिचारे उठूनच उभे राहिले, आता काय केलं मी म्हणून.

"अहो! तुमी लई चांगलं केलं!" किती दिवसांनी बोलले मी त्यांच्याशी, आन् हे बोलले.

"मी? काय केलं?"

"कवळं खाऊ घातलं! निबर ठेवलं! चांगलं केलं!"

त्यांना काही कळलं न्हाई. पण मी हसतेय एवढं कळलं. ते धपकन खाली बसले आन् म्हणाले, "मग आता ताट आपटू नको बाई. कान किटले माझे."

उफणलं, पाखडलं, तर पायलीला थोडं कमी भरलं. जास्त न्हाई. पण एका ओंजळीचं ते, एका पावसावरचं!

पाडव्याला आमी खोली उघडली. दाराला तोरण, भिंतीला चुना, आत गाडग्यांची उतरंड. मांजरसुंब्याच्या मेळाव्यातल्या बाया टेम्पो भरून आल्या. सुंदररावांनी नारळ फोडला आन् भाषणात सांगितलं की ह्या ज्वारीवर त्यांचा फार जीव हाय. "साहेब, तुमचे उपकार कसे विसरू? तुमी खाल्लं म्हणून राहिलं," मी म्हणलं. त्यांना वाटलं मी खोलीबद्दल बोलतेय. छबुबाई तोंडात पदर कोंबून मागं पळाली.

भिवराआत्याला आणायला मालक स्वतः पालीला गेलते. मी तिला सगळं सांगितलं, हुरड्यासकट. वाटलं आता फाडून खाईल. ती म्हणली, "मग त्यात काय? म्या तरी कधी निवडून ठिवलं? लेकरं कवळं खायची, खाऊन जे ऱ्हायलं ते पेरायचं." आन् मी एवढे दिवस चुलीपाशी रडले होते!

मग आमी तिला पाटावर बसवलं. मी घाटपांढरीचं ताट घेऊन पुढं आले. तिला वाटलं गाडग्यात घालून देणार. तिनं हात पुढं केले.

"हात नको, आत्या. पदर धरा. ओटी भरायची."

तिनं पटकन हात मागं घेतले. तोंड उतरलं. "मला कावून गं? मी कपाळाची रिकामी. ह्ये गेल्यापासनं कोणी भरली न्हाई. चारचौघीत असलं करू नको, माय."

टेम्पोतल्या एक दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. माझं डोकं तापायला तेवढं पुरतं. म्हणलं, "आत्या, तुमच्या आईनं भरलेली ओटी तुमी एवढी वरसं सांभाळली, म्हणून आज ह्या गावात दाणा हाय. बी काय कपाळ बघून उगवतं का? धरा पदर!"

तिनं हळूच पदर पसरला. मी एक ओंजळ घातली. दुसरी घातली. शब्द होता माझा. दाणे पडताना आवाज यायला लागला तशी तिच्या डोळ्याला धार लागली. माझ्या पण लागली, कशाला लपवू? छबुबाई तर हुंदके देत होती, आन् आमचे मालक तोरण नीट करायच्या निमित्तानं भिंतीकडं तोंड करून उभे होते.

ओटी भरली की त्यातले चार दाणे परत ताटात टाकायचे असतात, माहेर भरलेलं राहावं म्हणून. आत्याच्या हाताला ते आठवलं. पण तिनं चिमूट घेतली न्हाई. मूठ भरून घेतली आन् माझ्या ताटात टाकली.

"आत्या, चार दाणे टाकत्यात."

"चार दाण्यांनी काय होतंय? साल बघ की कसं हाय," ती म्हणली. मग डोळे पुसले, ओटी पोटाशी गच्च खोचली आन् गुडघ्यावर हात देऊन उठली. "चला, मला येष्टीत बसवून द्या. धाकट्याला सांगून बांध घालून घ्यायचा हाय. पेरायचं हाय मला."